अंगठा सुटला नाही तरी

आमच्या डिझाइन विभागात नवीन कुणी रुजू झालं की पहिल्या आठवड्यात जुनी ड्रॉइंग चाळतं आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन विचारतं, "मॅडम, हा सेफ्टी कटर तुम्हीच केलाय ना?" ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव आहे, त्यामुळे विचारणाऱ्याची चूक नसते. मी चष्मा काढून ठेवते आणि सांगते, रेघा माझ्या आहेत, कटर भानुदास म्हस्क्यांचा आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ते कुठल्या कॉलेजचे? हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. "दौलताबादच्या जिल्हा परिषद शाळेचे," मी सांगते. "नंतर आयटीआय, फिटर." समोरचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो, आणि तो बघायची एकही संधी मी आजवर सोडलेली नाही.

भानुदास म्हस्के, म्हणजे म्हस्केनाना, आमच्या वाळूजच्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. टूलरूममध्ये विकायचा माल बनत नाही, माल बनवणारे साचे आणि हत्यारं बनतात. त्यामुळे तिथल्या माणसांना आपण बाकीच्यांपेक्षा चार बोटं वर आहोत असं वाटत असतं. नानांना तसं वाटत नसे. ते होतेच.

उंच, काटकुळी अंगकाठी. कानामागे पेन्सिल. कारखान्याचा राखाडी गणवेश त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. दौलताबादहून मोपेडवर यायचे आणि हंगामात मागे पेरूची पिशवी असायची, घरच्या बागेतली. दुपारच्या चहाला पेरू कापण्याचा मान त्यांचाच. एका पेरूच्या आठ फाकी, सगळ्या सारख्या. लेथवर काम करणाऱ्या अक्रमभाईंनी एकदा गंमत म्हणून व्हर्नियर लावून फाकी मोजल्या आणि ओरडले, "नाना, एक फाक दो मिलीमीटर मोटी आई देखो!" नाना म्हणाले, "मंग ती तू खा. मोजणाऱ्याला बक्षीस." आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच व्हर्नियर जवळ घेऊन पेरू कापायला बसले. ही थट्टा होती की खरोखरची सुधारणा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या डाव्या खिशात कायम एखादी स्प्रिंग असायची. चहा पिताना, बोलताना, साहेबांची बोलणी खातानासुद्धा अंगठा आणि तर्जनीमध्ये ती दाबणं चालू. "नवी स्प्रिंग आन् नवा जावई," ते म्हणायचे, "पैल्या महिन्यात दोघं बी गोड. खरं रूप नंतर दिसतं." म्हणून ते नव्या स्प्रिंगवर विश्वास ठेवत नसत. आधी तिला थकवायचे, मग मोजायचे, मगच कामाला घ्यायचे.

एक शब्द त्यांच्या टूलरूममध्ये उच्चारायची सोय नव्हती: चालतंय. कुणी एखादा भाग बसवून "चालतंय नाना" म्हणालं, की नाना तो भाग काढून हातात द्यायचे. "चालतंय म्हणू नको. बसलं म्हण, नाय तर नाय बसलं म्हण." दुसरं एक वाक्य त्यांनी खडूनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलं होतं: मोजल्याशिवाय बोलायचं नाही, मोजून झाल्यावर भांडायचं नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते पुसलं जायचं आणि नाना ते परत लिहायचे.

मी पुंडलिकनगरची, भिक्षुकी सोडून कारकुनीत आलेल्या घरातली. आमच्या घरात स्क्रू पिळायलाही माणूस बोलावत. इंजिनिअर होऊन नोकरीला लागले तेव्हा मला कॉम्प्युटरवर सगळं येत होतं, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात नाना वरच्या मजल्यावर आमच्या खोलीत आले. दाराबाहेर बूट काढले. टूलरूमचा फोरमन मोज्यांवर माझ्यासमोर उभा, हातात माझं ड्रॉइंग.

"मॅडम, ह्या कोपऱ्यात बोल्ट दाखवलाय. तिथं पान्हा कोन घालणार?"

"टूलरूम घालेल," मी म्हणाले. स्क्रीनवरची नजरही मी काढली नाही, हे सांगायला आज लाज वाटते.

नाना ड्रॉइंग घेऊन गेले. दहा मिनिटांनी तो भाग, तो बोल्ट आणि तीन मापांचे पान्हे आणून माझ्या टेबलावर ठेवले. "घाला," म्हणाले, आणि खाली गेले. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत झगडले. बोटांची सालं निघाली, पान्हा काही फिरला नाही. शेवटी सगळं उचलून मीच खाली टूलरूममध्ये गेले आणि म्हणाले, "नाना, नाही बसत." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बस माय," म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नाही.

आता त्या कटरकडे येते.

आमच्या डिस्पॅचमध्ये सिंधूताई म्हणून एक बाई आहेत. खोकी बांधणं, आलेली खोकी उघडणं हे त्यांचं काम. एका मंगळवारी सकाळी त्यांनी नानांकडे येऊन कटरला नवं पातं मागितलं, जुनं बोथट झालं होतं. नानांनी स्वतः बसवून दिलं. तासाभरात त्या खोक्याची टेप अंगाकडे ओढून कापत असताना टेप एकदम सुटली, कटर निसटला आणि पातं डाव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. नानांनी आपल्या गळ्यातला रुमाल आवळून बांधला आणि त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

हात वाचला, पण दोन बोटं पूर्ण मिटेनात. सिंधूताई दोन महिन्यांनी कामावर परतल्या. कटरला हात लावत नसत. टेप शेजारणीला कापायला सांगत, आपण बांधाबांध करत. एकदा मी सहज विचारलं, घरी जमतं का सगळं? त्या म्हणाल्या, "सगळं जमतं. भाकर जमत नाय. थापायला गेलं की चिरते." एवढंच बोलून त्या दोरीचं रीळ सोडायला लागल्या. नाना तिथेच उभे होते. खिशातली स्प्रिंग दाबायची थांबली, हे मी पाहिलं.

काही महिन्यांनी औषधांच्या एका मोठ्या कंपनीकडून आमच्याकडे विचारणा आली. त्यांच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये शेकडो बाया दिवसभर खोकी कापतात. आपोआप आत जाणाऱ्या पात्याचा कटर बनवून द्याल का? आमचे मालक पाठकसाहेब, भला माणूस, पण घाईचा. त्यांनी काम माझ्याकडे दिलं आणि मी चार दिवसांत ड्रॉइंग काढलं. रचना साधी: अंगठ्यानं खटका पुढं ढकलायचा, पातं बाहेर येतं, आत स्प्रिंग ताणली जाते. खटका सोडला की स्प्रिंग पातं आत ओढते. पुस्तकातल्यासारखं स्वच्छ.

नानांनी ड्रॉइंग उजेडात धरून पाहिलं. "लई झाक काढलंय," म्हणाले. मग पेन्सिलीनं खटक्यावर एक टिंब दिलं. "आन् खटका सोडलाच नाय तर?"

"का नाही सोडणार?"

"विचारतो म्या."

मला ते उगाच खुसपट वाटलं. नमुने तयार झाले आणि आम्ही पाच कटर आमच्याच डिस्पॅचमध्ये वापरायला दिले. आठ दिवसांनी परत मागवले, तर पाचांपैकी चार कटरांचे खटके पॅकिंगच्या टेपनं पुढच्या बाजूला घट्ट चिकटवून टाकलेले. पातं कायम बाहेर. माझं डोकं फिरलं. त्यांच्याच जिवासाठी करायचं आणि त्यांनीच असं करायचं! मी तावातावानं डिस्पॅचकडे निघाले. नाना मागून आले.

"माय, आधी त्यातला एक घे आन् खोकी काप."

"मी?"

"व्हय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

मी कापली. पन्नासाव्या खोक्याला अंगठ्यात कळ आली, शंभराव्याला हात खांद्यापासून दुखायला लागला. प्रत्येक खोक्याला स्प्रिंगशी झुंजत खटका दाबून धरायचा, तो जरा ढिला पडला की पातं अर्ध्या कापावरच आत. एकशेतिसाव्या खोक्याला मी इकडे तिकडे पाहिलं आणि माझा हात टेपच्या रिळाकडे गेला. नाना भिंतीला टेकून उभे होते. हसले नाहीत. म्हणाले, "चूक त्यांची नाय. आपल्या स्प्रिंगची हाय. रागवायचं तर तिला रागव."

मग त्यांनी सिंधूताईंना बोलावलं. त्या दिवसाबद्दल नाना त्यांच्याशी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. आता विचारलं, "सिंधू, तवा नेमकं काय झालं? टेप सुटली तवा."

सिंधूताईंनी डावा तळहात पुढं केला. "कळलं व्हतं मला, नाना. निसटलं हे कळलं व्हतं. हात सोडायचा तर तो आनखी आवळला. ऐकलंच नाय त्यानं."

आम्ही परत टूलरूममध्ये आलो. नाना स्टुलावर बसले. "ऐकलं का माय? मानूस घाबरला की सोडत नाय. धरतो. लेकरू बी बघ, पडताना मूठ आवळतं. तुझा कटर म्हणतो, आधी सोड, मंग मी पातं आत घेतो. पण सोडायची अक्कल त्या टायमाला कुनाला असती?" आणि मग, माझ्याकडे न बघता: "पातं मीच बसवलं व्हतं. त्या दिवशी सकाळी."

याविषयी ते एवढंच बोलले. पण मला त्या क्षणी कळलं की हे काम त्यांच्या दृष्टीनं औषध कंपनीचं नाही. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्याआधी नानांना असा कटर करायचा होता जो हातानं सोडायची वाट बघणार नाही.

पुढचे दोन महिने त्यांनी माझा जीव खाल्ला. रोज एक नवी पट्टी कापून आणायचे, जोडायचे, तोडायचे. अक्रमभाई वैतागायचे, "नाना, ये छुरी है के घड़ी है?" अखेर एका सोमवारी ते मोपेड लावून सरळ वर आले. घाईत बूट काढायचे राहिले, यावरूनच काहीतरी झालंय हे मी ओळखलं.

"माळवदावरनं भुसाची पोती खाली सोडतो ना आमी," ते उभ्या उभ्याच सांगायला लागले. "दोरीला आकडी असती. गाठ बिठ काय नाय, निस्ती आकडी. पोतं लटकतंय तवर भारानं ती घट्ट धरती. बुड जमिनीला टेकलं, दोरी ढिली पडली, की आकडी आपसूक सुटती. खाली मानूस लागत नाय सोडायला. काल पोती सोडता सोडता मी तिथंच बसलो. बायको म्हनती, चक्कर आली का?"

मला समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्या वहीत काढून दाखवलं. खटका आणि पातं यांचा कायमचा संबंधच ठेवायचा नाही. मध्ये एक छोटी आकडी. अंगठ्यानं खटका ढकलला की आकडी पात्याला पुढं नेते. पातं खोक्यात रुतलं की खोक्याच्या दाबानं ते किंचित तिरपं होतं, आकडी सुटते, आणि पातं आतल्या एका लहानशा पायरीवर टेकतं. आता पात्याला बाहेर धरून ठेवतं ते खोकं, अंगठा नव्हे. खोकं संपलं, टेप सुटली, हात निसटला, की दाब गेला. पातं पायरीवरून घसरतं आणि स्प्रिंग त्याला आत ओढते. अंगठा खटक्यावर असो, नसो, आवळलेला असो. शिवाय कापताना स्प्रिंगशी झुंजायचं कामच उरत नाही, म्हणजे टेप लावायची कुणाला गरजही पडणार नाही.

मी ते लगेच कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलं. मी शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात असं सांगणारं कुणी नव्हतं.

नवे नमुने झाले. नानांनी मूठ आवळून, अंगठा खटक्यावर दाबून, शेकडो वेळा खोकी कापली. प्रत्येक वेळी खोकं संपताच खट्‌ आवाज होऊन पातं आत. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीची माणसं बघायला येणार होती.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं आणि हत्यारं धुऊनपुसून पुजतात. लेथला झेंडूची माळ, पान्ह्यांना हळदकुंकू, सगळीकडे उदबत्तीचा वास. अक्रमभाई सकाळी शहागंजातून फुलं आणतात आणि कुठल्या मशीनला किती माळ याचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. मी त्या वर्षी फार खुशीत होते. नमुन्याच्या डब्यातून आमचा कटर काढला, ओट्यावर मांडला, कुंकू नीट चिकटावं म्हणून आधी तेलाचं बोट लावलं, वर हळदकुंकवाची चांगली चिमूट सोडली आणि नमस्कार केला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भक्तिभावानं केलेली चूक.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. नानांनी कटर उचलला, मूठ आवळून खोकं कापलं. खोकं संपलं आणि पातं बाहेरच राहिलं. त्यांनी परत कापलं. परत बाहेर. अंगठा सोडला की आत जायचं, पण आवळून धरला की राहायचं. म्हणजे कटर नेमका तिथं फसला होता ज्यासाठी तो केला होता. उघडून पाहिलं तर तेलात भिजलेलं कुंकू आकडीच्या बैठकीत लाल लगद्यासारखं बसलेलं. आकडी सुटतच नव्हती.

मी रडायच्या बेतात होते. "नाना, मी केलं हे."

नाना भिंग लावून त्या लगद्याकडे बघत होते. "लई चांगलं केलंस," म्हणाले. मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "कुंकू वर्षातनं एकदा पडतं, माय. खोक्याचा भुगा रोज पडतो. हे तर उद्या तिथं अडकलं असतं, कुनाच्या तरी हातात."

पाठकसाहेब खाली आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डब्यात आणखी तीन नमुने स्वच्छ आहेत ना? उद्या ते दाखवा. ऑर्डर तर येऊ द्या, मग सुधारणा करत बसू." ते वाईट बोलत नव्हते, कारखाना चालवणारा कुणीही तेच बोलला असता.

"साहेब," नाना म्हणाले, "उद्या मी बी येतो बैठकीला."

नाना आजवर कधी बैठकीला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले ते गणवेश इस्त्री करून. कंपनीकडून दोघं होते, त्यात सुरक्षा बघणाऱ्या एक बाई. मी स्वच्छ कटर दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पाठकसाहेबांचा हात चहाच्या कपाकडे गेला. तेवढ्यात नानांनी खिशातून तो कुंकवाचा कटर काढला, न धुतलेला, आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो बी बघा, बाई. आमचाच हाय."

त्यांनी मूठ आवळून खोकं कापलं. पातं बाहेर राहिलं. पाठकसाहेबांनी कप तसाच खाली ठेवला. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

"पूजेत कुंकू गेलंय आत," नाना म्हणाले. "तुमच्याकडं कुंकू नाय जायचं, भुगा जाईल. मला ठावं हाय हे अडकतं. ठावं असून दिलं, तर मंग मी फोरमन कशाचा? पंधरा दिवस द्या. नाय जमलं तर तुम्ही दुसरीकडं जा, मी सोता सांगतो तुमाला जा म्हणून."

त्या बाईंनी कटर हातात घेतला, स्वतः कापून पाहिला. मग म्हणाल्या, "आम्हाला आजवर कुणी आपला माल बंद पडलेला आणून दाखवला नाही." त्यांनी वही मिटली. "घ्या पंधरा दिवस."

जिन्यावर पाठकसाहेबांनी नानांना गाठलं. मला वाटलं, आता आकाश फाटणार. साहेब एक पायरी उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून सांगितलं नाहीत ना?" नाना म्हणाले, "व्हय." साहेब हसले आणि मानेनंच कबूल करून निघून गेले. दोघांबद्दलही मला त्या जिन्यावर जो अभिमान वाटला तो अजून तसाच आहे.

पंधरा दिवसांत नानांनी आकडीची सपाट बैठक उतरती केली, म्हणजे तिच्यावर काही टिकूच नये. कटरच्या पोटाला खालून एक लांबट फट ठेवली, पडलेलं सगळं गळून जावं म्हणून. मग परीक्षा सुरू झाली. खोक्यांचा भुगा तर होताच. त्याशिवाय नानांनी घरून ज्वारीचं पीठ आणलं, बागेतली माती आणली, आणि एका पुडीत खंडेनवमीचं उरलेलं कुंकू. रोज एक-एक करून कटरच्या पोटात भरायचं, वर तेल सोडायचं, आणि मूठ आवळून कापायचं. अक्रमभाई एकदा येऊन वाकून म्हणाले, "नाना, अब बिर्याणी का मसाला भी डाल के देख लो." नानांनी दुसऱ्या दिवशी त्यांनाच तो आणायला लावला. कटर चालला. माफ करा, बसला.

ऑर्डर आली, माल गेला. उन्हाळ्यात नानांची निवृत्ती ठरली. पाठकसाहेबांनी दुपारी चार वाजता शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवला. नाना म्हणाले, शाल घेईन, पण सकाळी मला त्या औषध कंपनीच्या हॉलमध्ये नेऊन आणा. सिंधूला बी घ्या.

आजकाल नाना दौलताबादला बागेत असतात, वर्षातून दोनदा पेरूची पेटी पाठवतात, फोनवर टूलरूममधल्या प्रत्येकाची चौकशी करतात. तरी त्यांची आठवण काढली की मला दिसते ती हीच सकाळ.

मोठा थोरला हॉल. हिरव्या टोप्या घातलेल्या बाया लांबच लांब सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना. जमिनीवर पिवळी रेघ, पाहुण्यांनी तिच्या अलीकडे उभं राहायचं. नाना, सिंधूताई आणि मी रेघेवर उभे राहिलो. प्रत्येक हातात आमचा कटर. खट्‌, खट्‌, खट्‌. कुणाच्याही खटक्याला टेप नव्हती. नाना एकेका हाताकडे बघत होते आणि खिशातली स्प्रिंग हळूहळू दाबत होते.

आमच्या अगदी समोर एक तरणी बाई होती. चपळ, तोंडानं शेजारणीशी बोलणं चालू. एक खोकं तिनं पुढं ओढलं, टेपवर कटर लावला आणि अंगाकडे ओढला. टेप एकदम सुटली. तिचा हात जोरात निसटून थेट डाव्या मनगटावर आदळला.

सिंधूताईंनी माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर वळ उमटला होता. नाना एक पाऊल रेघेच्या पलीकडे गेले.

त्या बाईची मूठ आवळलेली होती. अंगठा खटक्यावर पुरता दाबलेला, पांढरा पडलेला. पातं आत होतं. तिनं मनगट साडीला चोळलं, दुसऱ्या हातानं खोक्याची झाकणं उघडली आणि शेजारणीला सांगत असलेली गोष्ट पुढं चालू केली. मग तिला जाणवलं की कुणीतरी बघतंय. तिनं मान वर केली. समोर एक उंच म्हातारा, डोळ्यांत पाणी, त्याच्या मागं तोंडावर हात धरलेली एक बाई.

"काय झालं हो काका?" तिनं विचारलं.

"काय नाय झालं, माय," नाना म्हणाले. "चालू दे तुझं."